रविवारी रिमोट स्टेशनची राउटर तपासणी

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता क्लबच्या खोलीत बसू. घरचा रिग (हॅम रेडिओ संच) इंटरनेटवरून बाहेरून चालवताना ज्यांचे लॉगिन होत नाही किंवा आवाज येत नाही, त्यांनी नक्की यावे. त्याआधी घरी एवढे पाहा:

– राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) लिहून आणा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरची जोडणी घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याचे) कितीही नियम टाका, बाहेरची जोडणी आत पोहोचणार नाही. मी यातच दोन संध्याकाळी घालवल्या, म्हणून हे आधी तपासा. इंटरनेट कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा, नाहीतर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी मार्ग) वापरा.

– राउटरमध्ये रिगसाठी आयपी राखून ठेवा. वीज जाऊन आली की पत्ता बदलू शकतो, आणि नियम भलत्याच यंत्राकडे जातो.

– आयकॉम कंपनीच्या नेटवर्क रिगला मुळात ५०००१, ५०००२ आणि ५०००३ ही पोर्ट लागतात. नियमात तिन्हींचा प्रकार यूडीपी ठेवा, टीसीपी नव्हे. लॉगिन होते पण आवाज नाही, तर ५०००३ पाहा.

– चाचणी मोबाइल डेटावरून घ्या, घरच्या वायफायवरून नको.

डीएमझेड (एका यंत्राची सगळी पोर्ट बाहेरून उघडी करणारी राउटरची सोय) कोणीही चालू करू नये. रिगचा पासवर्ड भक्कम ठेवा. तुमच्या कॉलसाइनवर (परवान्यातील ओळखचिन्हावर) कोणी भलत्यानेच ट्रान्समिट केले तर उत्तर परवानाधारकालाच द्यावे लागेल. टाइम-आउट टायमर (सलग चाललेले ट्रान्समिट आपोआप थांबवणारा) ३ मिनिटांवर ठेवा.

येताना लॅपटॉप आणि राउटरचा अॅडमिन पासवर्ड आणा.

७३ (हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा)