जाहिराती परत का येतात, हे शोधून देणाऱ्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरच्या संगणकावर सतत उगवणाऱ्या नकोशा जाहिराती आपण बंद करून दिल्यात. त्याबद्दल तोंडी आभार त्याच वेळी मानले होते, पण ते पुरेसे झाले नाहीत असे मला वाटत राहिले. आपण केलेल्या कामाचा मोठा भाग वरवर पाहणाऱ्याला दिसण्यासारखाच नव्हता. तो नीट लिहून ठेवावा आणि हाच त्रास सोसणाऱ्या इतरांनाही वाचता यावा, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

आपल्याआधी ज्यांना विचारले, त्या सर्वांनी एकच उपाय सांगितला होता: संगणक फॉरमॅट करा. काही वेळा तो उपाय योग्यही असतो. परंतु त्यात घरातली वर्षानुवर्षांची कागदपत्रे आणि फोटो सांभाळण्याचा प्रश्न उरतो, आणि जाहिराती आल्या कोठून हे शेवटपर्यंत कळत नाही. आपण मात्र काहीही पुसण्याआधी बाबांना शांतपणे विचारलेत, की जाहिरात नेमकी कोठे दिसते, ब्राउझरच्या पानात की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, आणि ब्राउझर बंद असतानाही ती येते का. तोवर हे आम्हाला कोणीच विचारले नव्हते. कोपऱ्यात एखाद्या संकेतस्थळाच्या नावासह येणारी जाहिरात बहुधा नोटिफिकेशन असते; प्रत्येक पानात घुसलेल्या जाहिराती आणि आपोआप बदललेले शोधयंत्र ही एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या पुरवणी प्रोग्रामची, किंवा बदललेल्या सेटिंगची खूण असते; आणि कोणी हात न लावता ब्राउझरच उघडू लागला, तर संगणकात एखादा प्रोग्राम किंवा ठरावीक वेळी चालणारे काम दडलेले असते. आमच्याकडे ही तिन्ही लक्षणे एकत्र होती, आणि म्हणूनच एकेका उपायाने थोडा वेळ बरे वाटून त्रास पुन्हा सुरू होत असे.

नोटिफिकेशनचा प्रकार सर्वांत सोपा निघाला, आणि बाबांना सर्वाधिक घाबरवले होते ते त्यानेच. ‘आपण रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगणारी पाने वास्तविक सूचना पाठवण्याची परवानगी मागत असतात. ती एकदा मिळाली की ते संकेतस्थळ बंद असतानाही पडद्यावर संदेश येत राहतात. संगणकात काही इन्स्टॉल झालेले नसल्यामुळे अँटिव्हायरसला त्यात सापडण्यासारखे काही नसते, हे आपण सांगितलेत तेव्हा आधीचे सगळे स्कॅन रिकामे का आले होते याचा उलगडा झाला. क्रोमच्या सेटिंगमधील गोपनीयता आणि सुरक्षा या भागात जाऊन, साइट सेटिंगमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून अनोळखी नावे आपण बाबांकडूनच काढून घेतलीत, आणि यापुढे कोणत्याही संकेतस्थळाने ही परवानगी विचारूच नये असा पर्यायही निवडून ठेवलात. ‘आपल्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत’ हे धमकीवजा संदेश तेथल्या तेथे थांबले.

खरी चिकाटी लागली ती पुढे. एक एक्स्टेन्शन असे होते, की ते काढण्याचे बटणच चालत नव्हते, आणि ब्राउझरच्या मेनूत तळाशी ‘हा ब्राउझर आपल्या संस्थेद्वारे व्यवस्थापित केला जातो’ अशा अर्थाची ओळ दिसत होती. घरच्या संगणकाला कोठली आली संस्था? मोठ्या कार्यालयांना आपल्या सर्व यंत्रांवर ठरावीक एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावे, यासाठी क्रोममध्ये पॉलिसीची, म्हणजे वरून लादलेल्या नियमांची सोय असते, आणि तिच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या अंतर्गत नोंदवहीत, राहतात. ॲडवेअर, म्हणजे नकोशा जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर, बनवणारे हीच सोय वापरतात, त्यामुळे ब्राउझर आपल्या मालकालाच एक्स्टेन्शन काढू देत नाही. काही उपयोगी प्रोग्रामही अशा नोंदी करतात, तेव्हा ती ओळ दिसली म्हणजे चोर सापडलाच असे समजू नये, हेही आपण बजावलेत. आधी त्या नोंदींची प्रत बाजूला काढून ठेवलीत, मग कोणती नोंद कशासाठी आहे हे वाचलेत, आणि त्यानंतरच नको ती काढून टाकलीत. एवढी सावधगिरी कोणी दुसऱ्याच्या संगणकाबाबत बाळगताना मी पाहिले नव्हते.

त्याचप्रमाणे टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरावीक वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, एक निरुपद्रवी नावाचे काम सापडले, जे लॉग-इन होताच ब्राउझर उघडून त्याला एका जाहिरातीच्या पत्त्यावर नेत असे. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटच्या गुणधर्मांतही प्रोग्रामच्या नावापुढे तोच पत्ता चिकटवलेला होता. म्हणजे मुखपृष्ठ कितीही वेळा बदलले तरी त्या शॉर्टकटवरून ब्राउझर उघडताच नको ते पान समोर येणारच. ॲडवेअर काढले तरी परत येते, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. ती का करावी लागते, हे मला या दोन नोंदी पाहून समजले.

एवढे हाताने झाल्यावर आपण ॲडवेअर काढणारे ॲडडब्ल्यूक्लीनर (AdwCleaner) चालवलेत. २०११ च्या सुमारास एका फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलेले आणि २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सने आपल्याकडे घेतलेले हे मोफत साधन इन्स्टॉलही करावे लागत नाही, आणि काढण्याआधी सापडलेल्या गोष्टींची यादी समोर ठेवते. ती यादी आपण ओळीने वाचलीत. साधन उतरवून घेताना शोधयंत्रात पहिल्या दिसलेल्या दुव्यावर न जाता निर्मात्याचा पत्ता स्वतः टंकलात, कारण जाहिराती काढून देतो म्हणणाऱ्या बनावट साधनांच्या जाहिराती अशाच शोधांच्या माथ्यावर टपलेल्या असतात. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी इतर काही विसरले तरी चालेल, एवढे मात्र लक्षात ठेवावे. शेवटी आपण मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावलात, जो संगणक पुन्हा सुरू करून विंडोज पूर्ण चालू होण्याआधी तपासणी करतो आणि साधारण पंधरा मिनिटे घेतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये संभाव्य नको असलेली ॲप्स अडवण्याचा पर्यायही सुरू करून दिलात.

तरीही एक एक्स्टेन्शन परत आलेच. ते त्याच खात्याने चालणाऱ्या दुसऱ्या लॅपटॉपवर बसलेले होते आणि सिंकच्या, म्हणजे एकाच खात्याच्या यंत्रांवरील ब्राउझर सारखे ठेवणाऱ्या सोयीच्या, वाटेने येत होते. नळ सुरू ठेवून फरशी पुसण्यासारखेच ते होते. आपण सिंक थांबवलेत, दोन्ही यंत्रे साफ केलीत, दोन्हीकडच्या क्रोमची सेटिंग मूळ स्थितीला नेलीत आणि मगच सिंक पुन्हा जोडलेत. त्या रीसेटने बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, हे आईला आधी समजावून सांगितलेत, म्हणून तिने सुटकेचा श्वास घेतला.

पासवर्ड बदलायला सांगितलेत तेही सफाई पूर्ण झाल्यावर, आधी नव्हे. त्या एक्स्टेन्शनकडे सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी होती. ते जागेवर असताना बदललेला पासवर्डही त्याच्या नजरेखालून गेला असता. जाहिराती दिसणे म्हणजे केवळ कटकट, असे अनेकांना वाटते. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर विक्रीपूर्वीच बसवलेल्या सुपरफिशचे प्रकरण फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आले, तेव्हा या समजुतीतला धोका जगाने पाहिला. जाहिराती घुसवण्यासाठी ते सॉफ्टवेअर सुरक्षित पानांच्याही मध्ये उभे राहत असे, आणि त्यासाठी बसवलेल्या, पान खरे असल्याची ग्वाही देणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची खासगी किल्ली सर्व यंत्रांवर एकच असल्याने ती हाती लागलेल्या कोणालाही त्या संगणकांपुढे बँकेचे खोटे पान खरे म्हणून उभे करता आले असते. आपण हे प्रकरण सांगितलेत तेव्हा आमच्या घरात प्रथमच या विषयाकडे गांभीर्याने पाहिले गेले.

आता ज्यासाठी आभार मानताना मला शब्द अपुरे वाटतात, ते लिहितो. फोन क्रमांक दाखवत पडदा अडवून बसणाऱ्या इशाऱ्यांमुळे बाबांनी संगणकाला हात लावणेच सोडले होते. आपण त्यांना सांगितलेत, की मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो, आणि ते पान माणसाने घाबरावे याच हेतूने रचलेले असते. त्यात घाबरणाऱ्याचा दोष नाही. मग ऑल्ट आणि एफ ४ दाबून ते पान बंद करण्याचा, न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर थांबवण्याचा, आणि पुन्हा उघडताना आधीची पाने परत न आणण्याचा सराव त्यांच्याकडून करून घेतलात. वेळ वाचवण्यासाठी दुरून संगणकाचा ताबा घ्यावा असे मी सुचवले होते. अशाच मदतीच्या नावाखाली ताबा मागणारे ठग असतात, ती सवय बाबांना लागू नये, असे सांगून आपण त्यास नकार दिलात, स्वतः घरी आलात, आणि शेवटपर्यंत माउस बाबांच्याच हातात राहू दिलात. एखाद्या वयस्क माणसाला शिकवताना त्याचा मान कसा राखावा, हे मी त्या वेळी पाहिले.

आता बाबा पुन्हा नियमित संगणक वापरतात. एक मोफत प्रोग्राम बसवताना त्यांनी आपणहून शिफारस केलेली मांडणी सोडून सविस्तर पर्याय निवडला आणि सोबत येऊ पाहणाऱ्या अनाहूत प्रोग्रामपुढच्या खुणा काढल्या, हे आपल्याला कळवावे असा त्यांचा आग्रह आहे.

आपण कोणताही मोबदला घेतला नाहीत, म्हणून एक विनंती तरी मान्य करावी. बाबांसाठी आपण हाताने लिहून दिलेला पायऱ्यांचा कागद मी टंकून घेतला आहे आणि ज्यांना हाच त्रास आहे अशा परिचितांना देऊ इच्छितो. त्याची प्रत या पत्रासोबत आपल्याकडे पाठवत आहे. आपली अनुमती कळवावी, आणि रजिस्ट्रीची पायरी अनुभव नसलेल्यांच्या हाती द्यावी की वगळावी, हेही सांगावे. माझ्या मते ती वगळावी, पण निर्णय आपला.

आई-बाबांचा आपल्याला नमस्कार.

आपला कृतज्ञ