स्पर्धा एअरजेटशी नाही, एका पैशाशी आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साध्या यंत्रमागांनी आता स्पर्धेला तोंड द्यायला शिकावे, असा सल्ला देणारा लेख आपल्या अंकात वाचला. मी इचलकरंजीतला आठ मागांचा खर्चीवाला. बीम, म्हणजे उभ्या सुताने भरलेले रूळ, व्यापाऱ्याचे; माग, शेड, वीज आणि कामगार माझे. विणून दिलेल्या कापडाची मजुरी पिकावर, म्हणजे कापडाच्या इंचात किती आडवे धागे आहेत त्यावर, मीटरमागे मिळते.

हवेच्या झोताने आडवा धागा टाकणारा एअरजेट माग मिनिटाला 600 च्या वर पीक टाकतो, आमच्या साध्या मागाचा धोटा 150 च्या आसपास. हे आम्हालाही कळते आणि त्याच्याशी बरोबरी करायला आम्ही जात नाही. आम्हाला खाते ती आपसातली स्पर्धा. काम कमी झाले की बीम हातचे जाऊ नये म्हणून शेजारचा पिकाला एक पैसा खाली येतो, मग मलाही यावे लागते. पण इंचाला 52 पीक असलेल्या कापडाला हा एक पैसा मीटरमागे 52 पैसे होतो. आठ मागांवर दोन पाळ्यांत 640 मीटर कापड निघाले, तर रोजचे 330 रुपये गेले.

आणि काम कमी होते ते आमच्या हाताबाहेरच्या कारणांनी. मे 2022 मध्ये रुईची खंडी (सुमारे 356 किलो) लाख रुपयांच्या वर गेली. 11 टक्के आयात शुल्क एप्रिलमध्येच उठवले होते, तरी भाव चढेच. ‘सूत उतरू दे, मग बघू’ म्हणत व्यापाऱ्याने बीम थांबवले. सूत माझे नव्हते, बंद पडले ते मात्र माझे माग. वीजबिलातला स्थिर आकार काही थांबला नाही. धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरणाऱ्या कांडीवाल्या मावशी रोज सकाळी दारात येऊन विचारायच्या, ‘दादा, आज चालू होणार का?’ त्यांना काय उत्तर द्यायचे?

लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्या, नाहीतर त्या वर्षी तो खर्च करात धरणार नाही, असा नियम केंद्राने आणला. चांगलाच नियम आहे. पण त्यानंतर व्यापाऱ्याने मला तोंडावर सांगितले, ‘उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद) रद्द कर, नाहीतर बीम दुसरीकडे देतो.’ पेमेंटधारा, म्हणजे पैसे देण्याची ठरलेली मुदत, होती तशीच राहिली.

कामगारांच्या मजुरीला महागाई भत्त्याचा आधार आहे, तो असलाच पाहिजे. तसाच आधार आमच्या पिकाच्या मजुरीला मिळावा, ही आमची मागणी आहे. ती मान्य होईल तेव्हा होईल. तोवर एक विनंती आपल्याला आहे. सोन्याचा, गुळाचा भाव आपण छापता. दर सोमवारी 52 पिकाची चालू मजुरीही छापा. आज कोणाला काय दर मिळतो हे फक्त व्यापाऱ्याला ठाऊक असते. ‘शेजारचा एक पैसा कमी घेतोय’ असे तो सांगतो आणि ते खरे की खोटे हे मला कळायला मार्ग नाही.

आपला,
एक खर्चीवाला यंत्रमागधारक, इचलकरंजी