खेळण्यातल्या मालगाडीच्या वाघिणीतल्या (डब्यातल्या) बॅटरीबद्दल काकांना पत्र

ती. काका,
सा. न. वि. वि.

परवा संध्याकाळी माझी छोटी रेल्वेगाडी बॅटरीवर सलग चाळीस मिनिटं फिरली, एकदाही न अडखळता. तुम्हाला फोन केला, पण तेवढ्याने समाधान होईना, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं तेव्हापासून हा नाद लागला. पण घरी रूळ मांडल्यावर माझा निम्मा वेळ ते पुसण्यातच जायचा. 16.5 मिलिमीटर अंतरावरच्या त्या दोन रुळांतूनच चाकांना वीज मिळते. त्यांच्यावर काळपट थर चढला की इंजिन सांध्यावर जागच्या जागी थांबायचं, पावसाळ्यात तर रोजच. शिवाय गाडी गोल वळवून त्याच मार्गावर परत आणायची म्हटलं, की डावा रूळ उजव्याला भिडून शॉर्ट. "वीज गाडीतच ठेव, रुळांना फक्त रूळ राहू दे," असं तुम्ही म्हणालात.

मी लगेच सोल्डरिंग गन तापवायला घेतली, तुम्ही व्होल्ट-अँपिअर मोजायचा मल्टिमीटर काढलात. चाकं धरून ठेवून मोटर किती अँपिअर ओढते ते मोजायला लावलंत. अडकलेली मोटर चालत्या मोटरच्या कितीतरी पट करंट खाते, आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला तेवढा सोसला पाहिजे. "दोनच सेकंद धर, नाहीतर वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, जळेल." मग मोटरला वीज पोचवणारा एक ब्रश चॅसीला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला आणि त्यातून रुळाला, टेकलेला सापडला. मी एक तार तोडून मोकळा झालो असतो. माझी बाकीची इंजिनं अजून रुळांतल्या विजेवर चालतात, त्यामुळे मोटरची दोन्ही टोकं रुळापासून सुटी झालीच पाहिजेत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

इंजिनात जागा नव्हती, म्हणून बॅटरी मागच्या वाघिणीत गेली: तीन लिथियम सेल सिरीजमध्ये, 11.1 व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर 12.6. सेलवर थेट सोल्डर करायचं नाही म्हणून तुम्ही तारा लावलेलेच सेल शोधून आणलेत, सोबत सेल जपणारा प्रोटेक्शन बोर्ड. रिमोटचा रिसीव्हर इंजिनाच्या धातूच्या बॉडीत सिग्नल धरेना, तोही वाघिणीच्या प्लॅस्टिकच्या डब्यात हलवला.

चार रविवार तुम्ही येत राहिलात आणि एकदाही गन स्वतःच्या हातात घेतली नाहीत. माझा पहिला जोड ड्राय होता, म्हणजे सोल्डर नीट धरलंच नव्हतं. तुम्ही काही न बोलता तार माझ्या बोटांत दिलीत, "ओढून बघ" म्हणालात. ती निघाली. पाचव्यांदा निघाली नाही, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला त्याबद्दल मनापासून आभार, काका. माझ्या हाताला वळण लागावं म्हणून इतका धीर याआधी कुणी धरला नव्हता.

आता वाफेच्या इंजिनाचं मॉडेल हातात घ्यायचं आहे. त्याचा टेंडर, म्हणजे मागचा कोळशाचा डबा, पोकळ आहे, पण कोळशाखाली जेमतेम बोटभर उंची मिळते. तिथे दोनच सेल बसतील, 7.4 व्होल्टवर ते चढ चढेल का? तुमची मगरचिमटी माझ्याकडेच राहिली आहे. रविवारी या, मोजूनच ठरवू.

तुमचा,
पुतण्यासारखाच