आयसीयूतला कचरा मुळात कमी करा

संपादक महोदय,

गोवंडीच्या बायोमेडिकल वेस्ट प्लांटच्या (हॉस्पिटलांचा कचरा जाळतात तो) धुराबद्दल पेपरात अधूनमधून येतं, २०२३ मध्ये हायकोर्टाने तो दोन वर्षांत खालापूरला हलवायला सांगितलं तेही वाचलं. पण हलवला तरी जाळायचं तेवढंच राहणार ना? एवढा कचरा निघतोच का, यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितेय.

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. कुठल्या पिशवीत काय टाकायचं याचं ट्रेनिंग आम्हाला भरपूर मिळतं, रक्ताचं ड्रेसिंग पिवळीत, आयव्ही सेट (सलाइनची नळी), कॅथेटर, युरिन बॅग लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, बायोमेडिकल वेस्टच्या २०१६ च्या नियमांचा चार्ट भिंतीवरच असतो. ते हवंच. पण त्या वस्तूचं पाकीट फोडायची गरज होती का, हे राउंडला कधीच निघत नाही.

पेशंट आला की बेडजवळचा ड्रॉवर भरायचा, सिरिंज, थ्री-वे (सलाइनची तोटी), सक्शन कॅथेटर (कफ ओढायची नळी), गॉज, ऐनवेळी धावाधाव नको म्हणून. पण पेशंट वॉर्डात गेला किंवा दगावला की उरलेलं सीलबंद सामानही बऱ्याचदा टाकावं लागतं, इन्फेक्शनची भीती असते, त्यातून आयसोलेशनचा (संसर्गामुळे वेगळा ठेवलेला) पेशंट असला तर विचारूच नका. आणि यातलं बरंचसं नातेवाइकांनी खालच्या मेडिकलमधून पदरचे पैसे मोडून आणलेलं असतं हो, कोणी दागिने गहाण ठेवून आणतं, आणि आम्ही ते न उघडता टाकतो. फार जिवावर येतं.

ग्लोव्हजचं तर बोलायलाच नको. नेदरलँडमधल्या रॉटरडॅमच्या हॉस्पिटलने आयसीयूचा हिशेब मांडला तर एका पेशंटमागे दिवसाला १०८ ग्लोव्हज निघाले! लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलने २०१८ पासून स्टाफला ग्लोव्हज कुठे लागत नाहीत ते शिकवलं आणि पहिल्याच वर्षात ३७ लाख ग्लोव्हज वाचवले. रक्त, लघवी, कफ असेल तिथे घालायचेच, त्यात तडजोड नाही, पण बीपी घ्यायला, गोळी द्यायला कशाला? उलट ग्लोव्हज घातले की हात धुणं राहतं आणि त्याच हातांनी मॉनिटर, फाइल, पुढचा पेशंट सगळीकडे स्पर्श होतो.

साध्या सलाइनचा सेट ९६ तासांच्या आत बदलायची गरज नसते, व्हेंटिलेटरची ट्यूबिंग घाण झाली किंवा बिघडली तरच बदलायची असं गाइडलाइन्स सांगतात (रक्त, लिपिड म्हणजे शिरेतून देतात ते फॅट, आणि झोपेचं औषध प्रोपोफॉल यांचे सेट मात्र लवकर बदलावेच लागतात). तरी काही ठिकाणी ठरलेल्या दिवशी सगळं सरसकट बदलतात, का तर आधीपासून तसंच चाललंय.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की हॉस्पिटलचा ८५ टक्के कचरा घरच्यासारखा साधाच असतो. पण घाईत रॅपर, खोकी पिवळ्या पिशवीत जातात, मग तीही भट्टीत, आणि धूर कोणाच्या छातीत जातो तर गोवंडी-मानखुर्दच्या, जिथे टीबीचे पेशंट आधीच इतके आहेत.

पालिकेने केईएम, सायन, नायर, कूपरपासून सुरुवात करावी. बेडपाशी एका शिफ्टला पुरेल इतकंच सामान, बाकी बाहेरच्या ट्रॉलीवर, बेडपर्यंत न गेलेलं सीलबंद पाकीट मेडिकलने परत घेऊन नातेवाइकांना पैसे द्यावेत, प्रायव्हेट हॉस्पिटलांनाही ते बंधनकारक करावं. आणि हे ठरवताना फक्त डॉक्टर, अॅडमिनला नाही, आम्हा सिस्टर्सना आणि पिशव्या उचलणाऱ्या मावश्यांनाही मीटिंगला बोलवा, कशात काय जातं ते आम्हालाच माहीत असतं.

– एक स्टाफ नर्स, चेंबूर, मुंबई