चि. मुक्तास, चवथीच्या आधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

चवथीला तू येत नाहीस हे आईला मी सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि गणपतीवर फळं टांगायची माटोळीची चौकट उतरवून पुसायला बसली, अजून दोन आठवडे असताना. सुलूआत्येला मात्र तूच फोन कर. तिला माझ्या तोंडून कळलं तर विसर्जनाचा सांगोड होईपर्यंत मला ऐकून घ्यावं लागेल.

मी रागावलेलो नाही. तुझा मेसेज आला तेव्हा पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजत होता, साडेसहा झाले असतील. म्हणजे डॉर्टमुंडला पहाटेचे तीन. तीन वाजता माणसानं झोपलेलं असावं. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो, असो.

पेशीत संदेश कसा पुढे जातो यावरचं तू पाठवलेलं प्रेझेंटेशन माशेलहून छापून आणलं. झेरॉक्सवाला म्हणाला, “सर, हें कितें, वायरिंग?” ते गोल आणि बाण बघून मलाही आधी तसंच वाटलं. मग समीकरणं आली आणि जीव भांड्यात पडला. प्रत्येक रेणूसाठी एक अवकल समीकरण, किती तयार होतो वजा किती मोडतो. एवढं तर बारावीच्या पोरांना मीही शिकवलंय. रॅफ, मेक, ईआरके ही पेशीतली संदेश पुढे देणारी तीन प्रथिनं: रॅफ मेकला फॉस्फेट जोडून जागा करतो, मेक ईआरकेला जोडतो, आणि फॉस्फटेज नावाची प्रथिनं ती फॉस्फेटं काढत राहतात. वेगाची सूत्रं मायकेलिस-मेंटेनची, 1913 ची. ती मॉड मेंटेन कॅनडातून बर्लिनला गेली होती म्हणे मायकेलिसकडे काम करायला. तिच्या जेवणाखाणाचं कोण बघत होतं ते कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

एकाच पायरीनं भागलं असतं तर तीन कशाला, हे मला कळत नव्हतं. तू दिलेला हुआंग आणि फेरेल यांचा 1996 चा निबंध वाचल्यावर कळलं. मेकला दोन फॉस्फेटं लागतात, ईआरकेलाही दोन, आणि पायरीगणिक आलेख खडा होत जातो. संदेश थोडा असेतोवर ईआरके ढिम्म, आणि एक हद्द ओलांडली की जवळजवळ सगळा जागा. हे त्यांना आधी समीकरणांत दिसलं आणि मग बेडकाच्या अंड्यांतून काढलेल्या रसातही तसंच निघालं. आधी कागदावर, मग निसर्गात! पंचवीस वेळा शिकवूनसुद्धा गणिताचा असा उपयोग मी एकाही वर्गाला दाखवला नव्हता.

पण मला सगळ्यांत आवडल्या त्या पीसी-12 पेशी, उंदराच्या ॲड्रिनल ग्रंथीतल्या गाठीपासून केलेल्या. ईजीएफ हे वाढीचं प्रथिन दिलं की ईआरके चढतो आणि लगेच उतरतो, पेशी विभागत राहते. एनजीएफ हे तसलंच दुसरं प्रथिन दिलं की तो तासन्‌तास वरच राहतो, आणि पेशी विभागणं थांबवून मज्जापेशीसारखे धागे काढते. रेणू तेच. किती वेळ टिकला यावरून पेशीचं पुढचं सगळं ठरतं. सांतोस आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं की ईजीएफकडे ऋण प्रतिसाद आहे, म्हणजे पुढचा रेणू मागच्याला आवरतो, आणि एनजीएफकडे धन, म्हणजे पुढचा मागच्याला आणखी रेटतो. सांतोस हे नाव वाचून आई म्हणाली, “म्हापशाचे काय ते?”

ऋण प्रतिसाद मला नानांनी मानशीवर, बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी, शिकवला होता, नाव न सांगता. तुलाही. आठवतं? तू पहिलीत असशील. रात्री भरतीच्या वेळी खाजनाची, नदीकाठच्या आपल्या शेताची, दारं कोण लावतं, असं विचारलंस आणि नाना म्हणाले, “उदकच धांपता.” नदी चढली की तिच्याच रेट्यानं दारं मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. तुला पटेना. बांधावर बसून राहिलीस. नानाही बसले, तुझ्याहून हट्टी! काळोख पडला, भरती आली, दारं मिटली, तेव्हा उठलीस. घरी आल्यावर आईनं दोघांनाही जेवायला वाढलं नाही आणि तिसऱ्या दिवशी तुला ताप भरला.

त्या तापाचीच मला भीती आहे. आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तू उठत नाहीस. बंगळूरला चक्कर येऊन पडलीस तेव्हा हिमोग्लोबिन आठवर आलेलं होतं आणि तू डॉक्टरना सांगत होतीस की सिम्युलेशन संपायला दोनच तास आहेत. अगं, ते चालू असताना समोर बसून तू काय करतेस? तुझे अज्ञात स्थिरांक ढीगभर आणि मोजमापं मूठभर. स्थिरांकांचे वेगवेगळे संच त्याच बिंदूंतून जाणारी रेषा काढून देणार, हे तूच स्लाइडवर लिहिलं आहेस. मग पहाटे तीनला जुळलेली रेषा खरी कशावरून? सकाळी ताज्या डोळ्यांनी बघ. पुढचा प्रयोग कोणता केला तर त्या संचांतले निम्मे बाद होतील, याचा विचार झोप झालेल्या डोक्याला सुचतो. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस. आणि नुसता पाव खाऊन…

झालं, आलो वर्गावर. माफ कर. चाळिशीच्या मुलांनाही रस्त्यात थांबवून मी अजून असंच बोलतो, आई म्हणते.

लोकांना मात्र मी वेगळंच सांगतो. परवा देवळात कोणी विचारलं, मुक्ता नक्की काय करते? मी दामोदर कोसंबींपासून सुरुवात केली: जन्म 1907 चा, आपल्या गोव्यातला, 1944 मध्ये जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं, ते आजही वापरतात, गणितवाल्यांनी जीवशास्त्रात शिरायची आपल्याकडे जुनी रीत आहे. तो मनुष्य प्रसाद घेऊन निघून गेला. मला त्याच्या वडिलांविषयीही बोलायचं होतं. धर्मानंद 1899 मध्ये घर सोडून निघाले आणि कुठे कुठे फिरले, काय खाल्लं, कुठे झोपले. बरं झालं गेला.

नेवऱ्या पाठवतोय, सुक्या खोबऱ्याच्या, टिकतील. लॅबमध्ये सगळ्या वाटून टाकू नकोस.

एक शंका: अकराव्या पानावर फॉस्फटेजचं प्रमाण तू स्थिर धरलं आहेस. तासन्‌तासांच्या आलेखात ते चालेल का? ईआरके स्वतःच फॉस्फटेज वाढवतो असं मी वाचलं. फोनवर सांग. दोन मिनिटांत होणार नाही, वही घेऊन बसेन. रविवारी कर, पण तुझ्याकडे दुपार असताना.

तुझे बाबा

ता. क. हिमोग्लोबिन तपासलंस का, असं आई विचारते आहे. मी नाही विचारलेलं.