कार्व्हर आठवतो, टस्कीगीच्या विटा नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यावरचा लेख वाचला. भुईमूग आला, रताळी आली. पण 1896 पासून 1943 मध्ये डोळे मिटेपर्यंत ज्या टस्कीगीत ते राबले, तिची बोळवण 'अलाबामातील एक शाळा' एवढ्यावरच झाली. कार्व्हर आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो, त्याचे घर मात्र आपण कधी नीट पाहिलेच नाही.

4 जुलै 1881 रोजी ही कृष्णवर्णीयांची शाळा भरली ती चर्चजवळच्या एका गळक्या खोपटात. पाऊस आला की एखादा थोराड विद्यार्थी आपला धडा बाजूला ठेवून शाळेचे पहिले मुख्याध्यापक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि मास्तर बाकीच्यांचे धडे ऐकायचे. हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे 500 डॉलरला एक ओसाड मळा घेतला, त्यातले 250 उसने. तबेला आणि कोंबड्यांचे खुराडे झाडून तिथे वर्ग भरवले.

इमारतीला विटा हव्यात, तर त्या मुलांनीच पाडायच्या. आमच्या साताऱ्याकडे 'कमवा आणि शिका' कोणाला समजावून सांगावे लागत नाही, पण तिथली मुले गुडघाभर चिखलात उभी राहून चांगलीच कुरकुरली. काही तर शाळा सोडून गेली. तीन भट्ट्या फसल्या, पैसे संपले. वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण टाकून 15 डॉलर आणले, तेव्हा कुठे चौथी भट्टी साधली. घड्याळ काही सुटले नाही. विटा मात्र अशा पक्क्या निघाल्या की, या शाळेशी कधी संबंध न ठेवलेले गोरे शेजारीही त्या विकत घ्यायला येऊ लागले. पुढे अनेक इमारतींचे नकाशे काढले रॉबर्ट टेलर यांनी. अमेरिकेतल्या 'एमआयटी' या तंत्रशिक्षण संस्थेचे ते पहिले कृष्णवर्णीय पदवीधर, 1892 चे.

शिस्तही कडक. दात घासायचा ब्रश नसेल तर विद्यार्थ्याला ठेवून घेत नसत!

हातकामावरच्या या भराला कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांनी कडाडून विरोध केला. उच्च शिक्षण आणि मताचा हक्क मागे पडतो, हा त्यांचा आक्षेप मलाही रास्त वाटतो. लेखात हा वाद यायला हवा होता.

आज ते विद्यापीठ आहे. तिथल्या आवारातच कार्व्हर आणि वॉशिंग्टन यांच्या कबरी शेजारीशेजारी आहेत. येत्या 5 जानेवारीला, कार्व्हर यांच्या स्मृतिदिनी, पुरवणीत त्या विटांनाही थोडी जागा द्यावी, ही विनंती.

ता. क. : पीनट बटर हा कार्व्हर यांचा शोध नव्हे. शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट कॅनडाच्या मार्सेलस एडसन यांना 1884 मध्येच मिळाले होते.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा