पीटीच्या तासाला बाकावर बसलेली मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिबिरात अमुक इतक्या बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत झाल्या, अशी बातमी जिल्हा पानांवर अधूनमधून असते. बातमी चांगलीच आहे. मुलांमधले जन्मजात हृदयदोषासारखे आजार लवकर शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. पथके अंगणवाडीत आणि शाळेत जाऊ लागली, स्टेथोस्कोपला ‘मर्मर’ (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली की मूल इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) पुढे जाऊ लागले. त्या वेळी दोन-तीन वर्षांची असलेली मुले आज दहावीच्या आसपास आहेत. त्यांची पुढची बातमी मात्र कधी येत नाही, कारण सरकारी तक्त्यातली त्यांची ओळ ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ या शब्दांवर संपलेली असते.

पाठपुराव्याच्या ओपीडीत चित्र साधारण असे दिसते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आई-वडिलांच्या मधोमध बसलेला. डॉक्टर विचारतात, “कसं वाटतंय?” उत्तर आई देते. “दम लागतो का?” उत्तर वडील देतात. टू-डी इको होतो, गोळ्या लिहून मिळतात, “छान आहे, सहा महिन्यांनी या” म्हटले जाते आणि मुलगा शर्टाचे सगळ्यात वरचे बटण लावत बाहेर पडतो. त्याला स्वतःच्या आजाराचे नाव विचारले तर ‘हार्टला भोक होतं’ एवढेच येते. मग तो दोष व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक) असो, टेट्रालॉजी (चार दोष एकत्र) असो की एकाच पंपावर चालणारे, फोंटान शस्त्रक्रिया झालेले हृदय असो.

टेक्सासमधल्या एका मोठ्या बालरुग्णालयाच्या नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ ते १७ वयोगटात जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांपैकी १८ टक्क्यांना चिंता किंवा नैराश्याचे निदान वा त्यावरचे औषध होते. इतर मुलांत हेच प्रमाण ५ टक्के होते. आणि हे फक्त गुंतागुंतीच्या दोषांपुरते नव्हते, अगदी साध्या दोषाच्या मुलांतही प्रमाण जास्तच निघाले. म्हणजे जे हृदय बालहृदयरोगतज्ज्ञ ‘आता नॉर्मल समजा’ म्हणतात, त्याचा मालकही मनातून तितका निर्धास्त असेलच असे नाही.

यातली बरीचशी चिंता आजारापेक्षा आपण घातलेल्या बंदीतून येते, असे आमचे स्पष्ट मत आहे. पीटीचा तासच घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक ओळ असते: ‘जास्त श्रम टाळावेत.’ ‘जास्त’ म्हणजे किती, हे सरांना कळत नाही आणि जोखीम कोणालाच नको असते. मग मुलगा पाचवीपासून दहावीपर्यंत मैदानाच्या कडेला, बाकावर, सगळ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखत बसतो. सहलीच्या यादीतून नाव गळते, स्नेहसंमेलनात नाचातून काढून त्याला पडदा ओढायला उभे करतात. (‘नवसाचा आहे हो’ या वाक्यापुढे कुठल्याच शिक्षकाचे काही चालत नाही.) वास्तविक व्हीएसडी किंवा एएसडी (वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक) पूर्ण बंद झालेला, फुफ्फुसांतला दाब नॉर्मल आणि ठोके नियमित असतील, तर बहुतेक मुलांना खेळाची कसलीच बंदी लागत नाही. फोंटान झालेल्या मुलांनाही बसून राहण्यापेक्षा बेताचा नियमित व्यायाम मानवतो. पायांचे स्नायू आकुंचन पावताना रक्त वर ढकलतात, आणि ज्यांच्या फुफ्फुसांकडे रक्त ढकलणारा पंपच नाही, त्यांना ही मदत इतरांपेक्षा जास्त लागते.

म्हणून एका ओळीऐवजी एक पानी पत्र द्यावे. त्यात दोषाचे नाव सोप्या मराठीत, शस्त्रक्रियेचे वर्ष, चालू गोळ्या, आणि मग खेळांची नावे घेऊन परवानगी. धावणे, लंगडी, बॅडमिंटन, सायकल चालते का? खो-खोमध्ये झटक्याने उठून जीव तोडून पळावे लागते, ते चालेल का? ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल, तर कबड्डी आणि लेदर बॉलचे क्रिकेट नको, कारण तिथे धोका धापेचा नसून माराचा आहे. महाधमनी रुंदावलेली असेल तर दंडबैठका, वजने उचलणे, रस्सीखेच नको, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. बाकी सरांसाठी मोजमाप सोपे आहे: खेळताना मुलाला पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता नाही आले तरी चालेल. आणि ‘थांबतो’ म्हटले की कारण न विचारता, चिडवू न देता थांबू द्यायचे. पत्रावर तारीख आणि ‘एक वर्षापुरते वैध’ असे असावे, नाहीतर सहावीतली चिठ्ठी दहावीपर्यंत चालते.

अभ्यासाबाबत थोडक्यात. तान्हेपणी मोठी शस्त्रक्रिया झालेल्या किंवा बराच काळ निळेपणा (रक्तात ऑक्सिजन कमी असल्याने ओठ-नखे निळसर दिसणे) राहिलेल्या काही मुलांची बुद्धी उत्तम असूनही लक्ष टिकत नाही, लिहिण्याचा वेग कमी असतो, चार पायऱ्यांची सूचना एकदम दिली की तिसरी पायरी निसटते. याला घरी आणि शाळेत ‘आळशीपणा’ म्हणतात. एका वेळी एकच सूचना, तीही फळ्यावर लिहून, एवढ्यानेही फरक पडतो. सवलतींची वाट मात्र अवघड आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत जन्मजात हृदयदोष हा स्वतंत्र प्रकार नाही.

आता मुलगा गप्प-गप्प आहे, झोपून असतो, जेवत नाही, अशी तक्रार आली की दोन चुका होतात. पहिली, ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देणे. दुसरी, थेट नैराश्याचा शिक्का मारणे. निळेपणा असलेल्या मुलाचे हिमोग्लोबिन १३-१४ दिसले की सगळे खूश होतात. पण त्याच्या शरीराला ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे त्याहून बरेच जास्त लागते, म्हणून तो आकडा लोहाच्या कमतरतेचा असू शकतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघावे. ॲमिओडेरॉन (ठोक्यांची लय सांभाळणारी गोळी) चालू असेल तर थायरॉईड तपासावे, ते बिघडले की मरगळ येतेच. बीटा ब्लॉकरचा (ठोके मंदावणाऱ्या गोळीचा) डोस वाढवल्यावर थकवा सुरू झाला का, तेही विचारावे. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची मागच्या दोन आठवड्यांची चाचणी मराठीतही आहे, पाच मिनिटांत होते आणि १० किंवा जास्त गुण आले की पुढे तपासायचे असते. पण तिच्यातले झोप, थकवा आणि भूक यांचे प्रश्न हृदयामुळेही ‘हो’ येऊ शकतात. अशा मुलांत आवड उरली आहे का, मन खिन्न आहे का, स्वतःला निकामी समजतो का, हे प्रश्न जास्त बोलके. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. त्याला शून्याहून वेगळे उत्तर आले, तर बेरीज किती झाली ते न पाहता त्याच दिवशी बोलायचे.

धडधडीचा प्रश्न सर्वांत नाजूक. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधडले की घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. टेट्रालॉजी किंवा फोंटाननंतर वर्षांनी ठोक्यांची लय खरोखर बिघडू शकते, त्यामुळे हे वाक्य आधी उच्चारायचेच नाही. घबराट सहसा चढत जाते आणि ओसरत जाते. लय बिघडते तेव्हा बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच थांबते. पण हा ठोकताळा आहे, निदान नव्हे. मुलाला मनगटावर बोट ठेवून तीस सेकंद ठोके मोजून दुप्पट करायला शिकवावे. वेळ, आकडा, तेव्हा काय चालले होते आणि किती मिनिटे टिकले, हे वहीत चार रकान्यांत लिहावे. ही वही आणि २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) शेजारी ठेवले की बऱ्याचदा उलगडा होतो. मुलाच्या हातात काहीतरी काम राहिल्याने भीतीही थोडी आवाक्यात येते. मात्र खेळताना चक्कर येऊन पडणे, श्रमाने छातीत दुखणे, धडधडीसोबत शुद्ध हरपणे, खोकल्यातून रक्त येणे, यात वही काढत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.

औषध लागलेच तर मानसोपचारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांना फोन करावा, चिठ्ठ्यांची ने-आण पालकांवर सोडू नये. हृदयाच्या रुग्णात नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांपैकी सर्ट्रालिन बहुधा सोयीचे पडते. एस्सिटॅलोप्रामने ईसीजीतले क्यूटी अंतर वाढू शकते (ते फार वाढले की ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असतो). डोकेदुखी किंवा झोपेसाठी सर्रास दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन या मुलांत टाळलेली बरी. घबराटीवर प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर आपल्या मनाने देऊ नये, आधीच मंद चालणारे हृदय आणखी मंदावते. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना नैराश्याची गोळी सुरू केली, तर रक्तस्रावाची शक्यता वाढते आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) साधारण आठवडाभरात पुन्हा बघावा लागतो.

या सगळ्याआधी लागतात ती दहा मिनिटे. बारा-तेरा वर्षांपासून प्रत्येक वार्षिक तपासणीत, इकोचा नंबर येईपर्यंतच्या वेळात, मुलाशी एकट्याने बोलावे. बोलणारी व्यक्ती डॉक्टरच हवी असे नाही, प्रशिक्षित परिचारिका किंवा समाजसेवा अधीक्षक पुरे. पालकांना “तुम्ही बाहेर थांबा” म्हटले की ते घाबरतात, म्हणून “आता तो मोठा झाला, सगळ्यांशीच असं बोलतो” हे आधी सांगावे. मुलाला गुप्ततेचा नियम स्पष्ट सांगावा: इथले इथेच राहील, फक्त जिवाला धोका किंवा अत्याचाराची बाब असेल तर आम्हाला सांगावेच लागेल. मग कागद देऊन हृदयाचे चित्र काढायला लावावे. ज्याला शब्द सापडत नाहीत तोही पेन्सिल घेतो, आणि त्याला काय माहीत नाही ते तिथे दिसते. “मी किती वर्षं जगणार?” हा प्रश्न येतोच. “असं बोलू नये बाळा” या उत्तराने तो प्रश्न कायमचा आत जातो. त्याऐवजी “हे कधीपासून मनात आहे?” असे विचारावे, आणि जे माहीत आहे ते, जे नक्की नाही तेही, त्याच्या वयाला झेपेल इतके सांगावे.

मुलींच्या बाबतीत या दहा मिनिटांत आणखी दोन गोष्टी निघतात. छातीच्या मधोमध असलेला व्रण, आणि त्यावरून घरात कुजबुजले जाणारे लग्न. व्रण लपवायला उन्हाळ्यातही ओढणी पिनांनी गळ्याशी घट्ट आवळलेली असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे पाळीत जास्त रक्त जाते, हे मुलीला कोणी सांगितलेलेच नसते. ती दर महिन्याला एकटी घाबरते. बहुतेक दोषांत पुढे मातृत्व शक्य असते, पण फुफ्फुसांतला दाब फार वाढलेला असेल तर गरोदरपण जिवावर बेतते, आणि हे तिला सोयरिकीच्या बैठकीत कळण्यापेक्षा सोळाव्या वर्षी शांतपणे कळावे.

तालुक्याच्या ठिकाणी हे कोण करणार, असा प्रश्न येईल. किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक आहेत, तिथल्या समुपदेशकांना हृदयदोषाची दोन तासांची ओळख करून दिली तरी चालेल. १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीत, विनाशुल्क, कोणत्याही वेळी बोलता येते. हा क्रमांक इको कक्षाच्या दारावर लावायला आदेशाची गरज नाही.

शेवटची अडचण अठराव्या वर्षाची. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वयोमर्यादा तिथे संपते, मोठ्यांच्या हृदयरोग ओपीडीत मुलगा नवा रुग्ण ठरतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. रुग्णालयांवर आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षेच जपण्याचे बंधन आहे. दुसऱ्या वर्षी झालेल्या शस्त्रक्रियेची टिपणे सोळाव्या वर्षी मागायला गेलात तर मिळतीलच असे नाही. ज्यांची शस्त्रक्रिया अलीकडे झाली आहे, त्यांनी आजच लेखी अर्ज करावा, ७२ तासांत प्रत देणे बंधनकारक आहे. शस्त्रक्रियेचे टिपण, डिस्चार्ज कार्ड, शेवटचा इको, ईसीजी आणि डोससह गोळ्यांची यादी, एवढे पाच कागद. त्यांचे फोटो आईच्या मोबाइलमध्ये असतातच, मुलाच्याही मोबाइलमध्ये असू द्यावेत.

आपले,
बालहृदयरोग पाठपुराव्याचे काम करणाऱ्या परिचारिका व समुपदेशक, पुणे